कार्डांची मागची बाजू

वाचनालयाचा फोन वाजला की हळूकाका कपाटामागे जात. लपायला नव्हे, निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. कपाटामागे प्रवासवर्णनं होती, आणि फोन वाजायला लागला की नेमकी तेव्हाच ती नीट लावून ठेवावीत असं त्यांना वाटे. फोन दहा-बारा वेळा वाजे, दमे, गप्प बसे. मग हळूकाका बाहेर येत, त्याच्याकडे थोडं अपराधी नजरेनं बघत आणि खुर्चीत बसत.

हळूकाका हे नाव सोसायटीतल्या मुलांनी ठेवलं होतं. ते चालण्यावरून नव्हे, बोलण्यावरून. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. त्या कामात तोंड उघडावं लागत नाही. चूक दिसली की समासात पेन्सिलीची खूण करायची, झालं. त्यामुळे आवाज कुठं ठेवला होता ते पुढं त्यांनाही सापडेना. समोरच्यानं दोनदा "काय?" म्हटलं की ते वाक्यच मागे घेत. संध्याकाळी मात्र सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत ते एकतीस वर्षं वाचनालय चालवत आले होते. एकशे त्रेचाळीस सभासद, चार हजार दोनशे पुस्तकं, दोन ट्यूबलाइट, एक मानद ग्रंथपाल.

एके दिवशी दारावर नोटीस लागली. 'वाचनालयास येणाऱ्या दूरध्वनींस उत्तर मिळत नसल्याने सदर खोलीचा पुरेसा उपयोग होत नसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी ती स्मार्ट पार्सल केंद्रासाठी देण्याबाबत वार्षिक सभेत निर्णय होईल. पुस्तके तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी हलविण्यात येतील.' खाली सेक्रेटरींची सही. सभेला तीन आठवडे होते.

हळूकाकांनी नोटीस दोनदा वाचली. तिच्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या, मग घाबरून त्या खोडल्या, आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की पंपाशेजारी भिंतीला वर्षभर ओल असते.

"अहो, जाऊन सेक्रेटरींशी बोला ना," काकू म्हणाल्या.

"बोललो."

"काय म्हणाले?"

"'काय?' असंच म्हणाले. दोनदा."

शेवटी काकूंनी जावयाला बोलावलं. जावईबापू मोठमोठ्या कंपन्यांना पुढच्या दहा वर्षांत काय होणार ते सांगत. ते खरं ठरतं का हे बघायला दहा वर्षं कुणी थांबत नाही, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. त्यांनी नोटीस वाचली आणि हसले.

"बाबा, हा प्रश्नच नाही. हल्ली जगात कुणी स्वतः फोन उचलत नाही."

"मीही तेच करतोय," हळूकाका म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

"आता मशीन उचलतं. बोलतं, उत्तरं देतं, पुस्तकं सुचवतं. आणि तेसुद्धा तुमच्या आवाजात! फोनला उत्तर मिळायला लागलं की सेक्रेटरींचा मुद्दाच खलास. एका संध्याकाळचं काम."

एका संध्याकाळचं काम, हे शब्द माणसानं ऐकले की शांतपणे उठून बाहेर फिरायला जावं. पण समोर जावई बसलेला असताना सासऱ्याला तशी मुभा नसते.

पहिली अडचण नोंदणीच्या फॉर्मवर आली. 'आपल्या व्यवसायाचा प्रकार निवडा' म्हणून यादी होती. सलून होतं, व्यायामशाळा होती, मांजरांचा दवाखाना होता. वाचनालय नव्हतं. जगात पुढे काय येणार याचा विचार ज्यांनी केला होता, त्यांना ते येताना दिसलं नसावं. 'इतर' होतं, पण 'इतर' निवडलं की आपण नेमके कोणत्या कायद्यान्वये इतर आहोत याचं प्रमाणपत्र मागत.

"पाळणाघर टाकू," जावईबापू म्हणाले. "तत्त्व तेच. सोडायचं, न्यायचं, वेळेत आणायचं."

"पण ते खोटं होईल ना?"

"बाबा, मशीनला काय कळतंय? एक शब्द आहे तो नुसता."

दुसरी अडचण आवाजाची. मशीनला हळूकाकांचा आवाज शिकवायचा तर शंभर वाक्यं मोठ्यानं वाचायची होती. 'आज आकाश निरभ्र आहे.' 'आपल्याला भेटून मला अत्यानंद झाला!' हळूकाकांनी वाचायला सुरुवात केली. पडद्यावरची हिरवी रेघ जागची हलेना. मशीननं लिहिलं, 'कृपया बोलायला सुरुवात करा.' तेव्हा त्यांची बावीस वाक्यं वाचून झाली होती.

ही बातमी जिन्यानं वर गेली आणि सल्ले खाली आले. वरच्या मजल्यावरच्या आजींनी कोमट पाण्याचा थर्मासच पाठवला. गाणं शिकणारे शेजारी येऊन "पोटातून काढा, काका, पोटातून!" असं सांगून, स्वतः पोटातून काढून दाखवून गेले, रेघ त्यांच्या आवाजानं कडेला जाऊन आपटली आणि मशीननं आनंदानं तो आवाज घेऊन टाकला, तो पुसण्यात अर्धा तास गेला. कोपऱ्यावरचा शिंपी हा वाचनालयाचा तेवीस वर्षांचा सभासद. तो मापाची टेप घेऊनच आला. "काका, दोष तुमचा नाही, कॉलरचा आहे. अर्धा इंच सोडतो, बघा कसा मोकळा निघतो आवाज." सोडली. निघाला नाही.

अखेर काकू म्हणाल्या, "न्हाणीघरात जाऊन वाचा. तिथं साधा खोकलासुद्धा घुमतो."

तर अशा रीतीनं हळूकाकांनी उलट्या बादलीवर बसून, दार लावून, 'आपल्याला भेटून मला अत्यानंद झाला' असं फरशीच्या भिंतींना सांगितलं. रेघ नाचली. अर्ध्या तासानं मशीन त्यांच्या आवाजात पहिल्यांदा बोललं: भारदस्त, खणखणीत, थोडा घुमणारा, मोठ्या सभागृहात बोलायची सवय असलेल्या माणसाचा आवाज.

काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं हा माणूस कुठं होता?"

हळूकाकांना ते लागलं. पण आता मागे फिरायची सोय नव्हती.

तिसरी गोष्ट अडचण वाटलीच नाही, आणि खरा घात तिथंच झाला. मशीनला सभासदांची माहिती द्यायची होती. "जितकं द्याल तितकं ते हुशार होईल," जावईबापू म्हणाले, आणि कार्डांची पेटी उचलून ऑफिसात घेऊन गेले. तिथं भराभर कागद ओढून घेणारं यंत्र होतं. संध्याकाळी पेटी परत आली.

"सगळं वाचलं त्यानं. दोन्ही बाजू. उलटायलासुद्धा लागत नाही!"

"वा," हळूकाका म्हणाले. कार्डं उलटायचे कष्ट वाचले याचंच त्यांना बरं वाटलं. त्या क्षणी ते नोटिशीत, पंपात आणि ओल आलेल्या भिंतीत इतके गुंतले होते की मागच्या बाजूला काय आहे ते त्यांना आठवलंच नाही.

मागच्या बाजूला पेन्सिल होती.

अडतीस वर्षं चुकांना खुणा करणारा माणूस सभासदांच्या चुका मुकाट्यानं कशा सोसणार? तोंडावर बोलायची छाती नव्हती. म्हणून पुस्तक परत आलं, सभासद दाराबाहेर गेला, की हळूकाका त्याचं कार्ड उलटं करून मागे बारीक अक्षरात एक ओळ लिहीत. लिहिलं की राग जाई आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच सभासदाकडे बघून मनापासून हसत. पेन्सिलीचा हा मोठाच गुण आहे. लिहिलेलं असतंही आणि नसतंही; आपण म्हटलेलं असतंही आणि नसतंही. समाज म्हणून आपण एकमेकांशेजारी राहू शकतो ते बहुधा असल्या फिक्या अक्षरांमुळेच. पण यंत्राला फिकं आणि गडद हा फरक शिकवलेला नसतो. त्याच्या दृष्टीनं ती सगळी माहिती.

पहिले दोन दिवस छान गेले. फोन वाजे, मशीन उचले, हळूकाका खुर्चीत बसून राहत. पाळणाघराचा थोडा परिणाम जाणवला, एका गृहस्थांनी कादंबरी मागितली तर मशीननं "न्यायला आपण स्वतः येणार की घरातलं दुसरं कुणी? अनोळखी माणसाकडे सोपवत नाही," असं विचारलं. लोकांना ते आपुलकीचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याचा कोट घालून तशाच आल्या. त्या कधी रागावत नसत. त्या दिवशी त्यांच्या हातात चिमटा नव्हता एवढंच.

"काका, मी रहस्यकथा मागितली फोनवर. तुम्ही काय म्हणालात?"

"मी?"

"आवाज तुमचा! 'बाई शेवटचं पान आधी वाचतात आणि मग सगळ्या जिन्याला खुनी कोण ते सांगतात. तरी आपणांस काव्यसंग्रह सुचवतो.' हे शोभतं तुम्हाला?"

ते वाक्य हळूकाकांच्या ओळखीचं होतं. त्यातला 'तरी'सुद्धा.

बाईंच्या मागोमाग निवृत्त इंजिनियर आले. ते पुस्तकात शाईनं लेखकाच्या चुका दुरुस्त करीत. मशीननं त्यांना नम्रपणे कळवलं होतं की दुरुस्त्याही चुकीच्या असतात. वकीलबाईंना कळलं की त्या बुद्धिमान आहेत पण पुस्तकावर चहाचा कप ठेवतात. गोल डाग आजअखेर अकरा. खुद्द सेक्रेटरींनी फोन लागतो का ते तपासायला म्हणून फोन केला, तर घुमणाऱ्या आवाजानं सांगितलं, "आपण नेतृत्वावरचं पुस्तक सहा वर्षांपूर्वी नेलंत. दर वर्षी मुदत वाढवून घेता. खूण अजून नवव्या पानावरच आहे. त्याची काळजी वाटते. जेवतंय ना नीट?"

हळूकाकांनी जावयाला फोन केला. स्वतः. यावरूनच प्रसंगाची कल्पना यावी.

"बंद करा ते."

"काय?"

"बंद करा!"

"बाबा, मी परदेशात आहे, परिषदेत. सोपं आहे, त्यांच्या मदत क्रमांकावर तुम्ही फक्त सांगायचं. खातं तुमच्या नावावर आहे."

मदत क्रमांकावरही मशीनच होतं. ते म्हणालं, "आपली ओळख पटवण्यासाठी म्हणा: मी या खात्याचा मालक आहे."

"मी या खात्याचा मालक आहे," हळूकाका म्हणाले.

"क्षमस्व. आपला आवाज मालकाच्या आवाजाशी जुळत नाही."

"अहो, पण मालक मीच आहे."

"मालकाचा आवाज अधिक आत्मविश्वासपूर्ण आहे. दोन प्रयत्न शिल्लक."

माणसाचा अपमान अनेकांनी करून झालेला असतो. पण त्याच्याच आवाजाची उसनवारी करून, तू तो नव्हेस, असं त्याला सांगणं ही प्रगतीची अगदी अलीकडची पायरी. हळूकाकांनी रिसीव्हर ठेवला. मग मोबाइल घेऊन न्हाणीघरात गेले, बादली उलटी केली, दार लावलं. जिन्यातल्या लोकांनी नंतर सांगितलं की आतून एक गडगडाट आला: "मी! या! खात्याचा! मालक आहे!" वरच्या आजींनी थर्मास घेऊन धाव घेतली. गाणं शिकणारे शेजारी दाराबाहेरून म्हणाले, "शाबास! पोटातून आला!"

आवाज जुळला. मशीननं आभार मानले आणि सांगितलं की सेवा सात कामाच्या दिवसांनी बंद होईल. तोवर ती अखंड सुरू राहील. आणि जाता जाता सर्व सभासदांचा निरोपही घेतला जाईल.

"निरोप म्हणजे?" हळूकाकांनी बादलीवरूनच विचारलं.

"प्रत्येकाला एक आपुलकीचा, व्यक्तिगत फोन."

एकशे त्रेचाळीस फोन गेले. सभेला आता चारच दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालय उघडलं तेव्हा दाराशी रांग होती. एकतीस वर्षांत अशी रांग कधी लागली नव्हती. सगळ्यांना आपापलं कार्ड बघायचं होतं. हळूकाका पेटीला मिठी मारून बसले होते. ती त्यांच्याकडून काकूंनीच काढून घेतली. "द्या आता. लिहिताना नाही लाज वाटली ती."

मग जे झालं त्याला गदारोळ म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं वाचलं, इंजिनियरांचं हळूच वाचलं, आणि इंजिनियरांचं वाचून त्यांना बरंच बरं वाटलं.

"हे मात्र खरंय हं," त्या म्हणाल्या.

"तुमचंही खरंय!" इंजिनियर ओरडले. "मागच्या महिन्यात खुनी माळी आहे हे तुम्ही मला पहिल्याच पायरीवर सांगितलंत!"

"काका, हा माझा डाग नाही!" वकीलबाईंनी एक पुस्तक उजेडात धरलं होतं. "माझा कप मोठा आहे. मोजून घ्या!"

शिंपी सगळ्यांत शेवटी आला. त्यानं आपलं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. मागे काही नव्हतं.

"तेवीस वर्षं येतोय, काका," तो म्हणाला. "एक ओळसुद्धा नाही?"

"तुझं काही चुकलंच नाही रे," हळूकाका कळवळून म्हणाले.

"फोनसुद्धा आला तो नुसता 'काही माहिती उपलब्ध नाही' म्हणाला. बायकोसमोर!"

वकीलबाईंनी टेबलावर थाप मारली. नुसतं ओरडून उपयोग नाही, ज्याला म्हणायचंय त्यानं लेखी म्हणावं, असं त्यांचं मत पडलं. तक्रारवही कपाटातून निघाली. कोरी होती ती, वास येत होता नवेपणाचा. रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तिच्यात सत्तेचाळीस तक्रारी झाल्या. शेहेचाळीस 'आमच्याविषयी लिहिले' म्हणून आणि एक 'आमच्याविषयी लिहिले नाही' म्हणून. हळूकाका प्रत्येकाला पेन देत होते आणि प्रत्येकाची माफी मागत होते; पण गोंगाटात ती कुणाला ऐकूच गेली नाही.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, "संपलं. फोन उचलत नाही म्हणून खोली जाणार होती. आता फोन उचलला म्हणून जाईल. मी राजीनामा लिहितो."

"जेवा आधी," काकू म्हणाल्या.

रविवारी सभेला बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. सेक्रेटरींनी पार्सल केंद्राचं चित्र भिंतीवर दाखवलं. चेहरा बघून आपोआप उघडणारे कप्पे, माणूस लागणार नाही, आवाज नाही, वाद नाही. "हे भविष्य आहे," ते म्हणाले. "आणि ग्रंथपालांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी ऐकलंच आहे. तेव्हा ठराव मंजूर समजायचा का?"

बरेच हात वर जायला निघाले होते. हळूकाका शेवटच्या रांगेत खिशातल्या राजीनाम्याची घडी चाचपत होते.

"एक मिनिट," वकीलबाई उठल्या. त्यांच्या हातात सोसायटीची नियमावली होती. "नियम एकतीस. पदाधिकाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार प्रलंबित असेल, तर ती निकाली निघेपर्यंत त्याच्या ताब्यातली खोली, सामान आणि कागदपत्रं जागची हलवता येत नाहीत. पुरावा आहे तो. ग्रंथपाल हे पदाधिकारी आहेत. तक्रारी सत्तेचाळीस. आणि तक्रार समिती महिन्याला एकच तक्रार घेते, हा नियम तुम्हीच गेल्या वर्षी केलात."

सेक्रेटरींनी नियमावली मागून घेतली, वाचली, परत वाचली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"सोपं आहे! काकांनी माफी मागायची. माफी मागितली की सगळ्या तक्रारी आजच निकाली. काका, या पुढं. एक शब्द बोला आणि विषय मिटवा."

सगळ्या माना मागे वळल्या. हळूकाका उठले. माफी त्यांच्या जिभेवर तयारच होती. ती तिथंच राहायला असे. खुर्चीला धक्का लागला तरी ते खुर्चीची मागत. त्यांनी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. इंजिनियर बघत होते. वकीलबाई बघत होत्या आणि अगदी बारीक, नाही म्हटल्यासारखी, मान हलवत होत्या. शिंप्यानं तर डोळेच मिटून घेतले होते.

चार हजार दोनशे पुस्तकं. ओली भिंत.

"नाही," हळूकाका म्हणाले.

"काय?" सेक्रेटरी म्हणाले.

एरवी हे वाक्य मागे गेलं असतं.

"नाही मागणार. लिहिलंय ते बरोबर आहे. एकूण एक."

"एकूण एक?" इंजिनियर कडाडले. "ऐकलंत? मी तक्रार मागे घेत नाही!"

"मीही नाही!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मरेपर्यंत नाही!"

"कोण घेतंय!" असा एकच ओरडा झाला. एकतीस वर्षांत हळूकाकांवर इतके लोक एकाच वेळी चिडले नव्हते, आणि इतक्या आनंदानं तर नाहीच. ठराव बाजूला पडला. वकीलबाईंनी हिशेब केला: महिन्याला एक, म्हणजे तीन वर्षं अकरा महिने.

सेक्रेटरी लाल झाले होते. "हा उद्धटपणा आहे!" ते गरजले. "सभेचा अपमान आहे! मी स्वतः तक्रार करतो. लेखी! आणा ती वही!"

वही हळूकाकांनीच नेऊन दिली. पेनही दिलं. सेक्रेटरींनी दात-ओठ खात अर्धं पान लिहिलं, सही ठोकली आणि वही त्यांच्या अंगावर ढकलली. हळूकाकांनी ती उघडून उभ्या-उभ्या, सवयीनं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग परत पुढं केली.

"तारीख राहिलीय," ते म्हणाले.